मोटारसायकल ह्यांची, मागची सीट आपली

घरात मोटारसायकल आली की महिन्याभरात तिच्यासाठी काय काय घ्यायचे याची यादी सुरू होते. ज्या टेबलावर आपण कुकरची रिंग, मुलांच्या वह्या आणि गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे टिपून ठेवतो, त्याच टेबलावर शेजारी दुसरा कागद असतो. त्यावर नवा सायलेन्सर, जादा दिव्यांची जोडी, रंगीत लिव्हर, टाकीवरचे पट्टे अशी मंडळी मांडलेली असतात. 'जाऊ दे, पुरुषमाणसाची एवढी तरी हौस असावी,' असे म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो. साडीचे दुकान आले की तेही आपल्यासाठी बाहेर उभे राहतात, नाही का?

पण त्या कागदावर दोन गोष्टी अशा असू शकतात की ज्यांच्याकडे काणाडोळा करून चालायचे नाही. एक शॉकअप आणि दुसरी ब्रेक. बाकीची सगळी हौस गाडी चालवणाऱ्याची. या दोन गोष्टी मात्र मागे बसणारीच्या कमरेशी, आणि वेळ आलीच तर जिवाशी, निगडित आहेत. गंमत अशी की यादीत त्या बहुधा शेवटी असतात, कारण त्या बाहेरून दिसत नाहीत. चौकात गाडी उभी केली तर कोणी वाकून म्हणत नाही, 'वा, ब्रेक ऑइल काय ताजं आहे हो तुमचं!'

तुम्ही म्हणाल, यातलं आम्हाला काय कळतंय? अहो, सगळं कळण्यासारखं आहे. रोज सोऱ्या, मिक्सर आणि शिलाई यंत्र हाताळणाऱ्या बाईला न कळण्यासारखे त्यात काहीच नाही.

उदाहरणासाठी एक गाडी समोर ठेवू. लांबच्या प्रवासाला बरी आणि तरीही चपळ, अशा गाड्यांना स्पोर्ट टूरर म्हणतात. आपल्याकडे त्या पंगतीत बसणारी, आवाक्यातली गाडी म्हणजे पुण्याच्या बजाज ऑटोची डॉमिनार ४००. ती डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली. इंजिन ३७३ सीसीचे, वजन १८० किलोच्या वर. पुढच्या चाकाला ३२० मिलिमीटरची डिस्क, मागच्याला २३० ची. २०१९ साली कंपनीने पुढचा फोर्क बदलून 'उलटा' बसवला. म्हणजे जाड नळी वर आणि बारीक नळी खाली. जाड भाग वर घट्ट धरलेला असल्याने जोरात ब्रेक दाबला तरी फोर्क कमी वाकतो. तुमच्या घरची गाडी दुसरी असेल तरी पुढचे सगळे थोड्याफार फरकाने तिलाही लागू आहे. स्कूटरलासुद्धा.

मागे बसणारीलाच दणका का जास्त?

हा प्रश्न कितीतरी जणींनी मनात विचारला असेल. एकाच खड्ड्यातून दोघे जातात. हे शीळ घालत असतात आणि आपली मात्र कंबर धरते. यात नाजूकपणाचा काही संबंध नाही. चालवणारा बसतो दोन चाकांच्या मधे आणि आपण बसतो जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. लहान मुलांची सी-सॉची फळी आठवा. टोकाला बसलेले मूल वर जाते, मधे बसलेले जेमतेम हलते. गाडीचे मागचे टोक दहा सेंटिमीटर उचलले गेले तर बरोबर मध्यावर बसलेला माणूस साधारण पाच सेंटिमीटर वर जातो, मागच्या चाकावर बसलेला दहाच्या दहा. शिवाय त्यांना खड्डा दिसतो, ते पायांवर भार घेऊन जरा उचलून बसतात. आपल्याला त्यांची पाठ दिसते. आणि साडी नेसून एकाच बाजूला पाय सोडून बसले असले तर पायांवर भार घेण्याचीही सोय नाही. सगळा दणका माकडहाडावर.

शॉकअपच्या आत असतात दोन गोष्टी. स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का गिळते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी गादीवर उड्या मारणाऱ्या पोरासारखी एका खड्ड्यानंतर चार वेळा उसळली असती. ती उसळी मारण्याचे काम तेलाचे. हे तेल आतल्या बारीक भोकांतून ढकलले जाते, अगदी सोऱ्यातून चकलीचे पीठ जावे तसे. पीठ घट्ट असले की दांडा दाबायला जोर लागतो, सैल असले की भस्सकन उतरते. हळू दाबले तर आरामात जाते, एकदम दाबायला गेलो तर सोऱ्या हटून बसतो. शॉकअपमध्ये नेमके हेच घडते. जुने तेल पातळ होते, त्यात धातूचा बारीक कीस मिसळतो, आणि सोऱ्यातले पीठ सैल झाल्यासारखी गाडी डुलायला लागते.

हे ओळखायची एक सोपी रीत आहे. गाडी सरळ धरून उभी करायला सांगा. मागच्या सीटवर दोन्ही हातांनी जोराने दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन एकदा स्थिरावली तर तेलाचे काम ठीक चालले आहे. दोन-तीनदा झुलली तर शॉकअप थकला. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवून पाहा. बोटाला तेलाचे वंगण लागले, नळीवर काळपट कडे दिसले, तर ऑइलसील गेले आहे. हे लांबणीवर टाकू नये. ते तेल ओघळून खाली ब्रेकच्या डिस्कवर जाऊ शकते, आणि तेलकट डिस्कवरचा ब्रेक म्हणजे तूप लावलेल्या हाताने बरणीचे झाकण फिरवणे.

शिवणाच्या टेपने करायचे माप

आता ज्याला पैसा लागत नाही ते आधी. मागच्या शॉकअपवर खाचाखाचांची एक कडी असते. आकडीसारख्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीपासून थोडी दाबून ठेवता येते. गाडी विकत घेतली तेव्हा ती जिथे होती तिथेच आजवर असेल, तर ती बहुधा एकट्या माणसाच्या वजनाला बेताची आहे. मागे आपण बसलो, मांडीवर पिशवी, दोन्ही बाजूंना सामान, की गाडीचे ढुंगण बसते. मग पुढचा दिवा आभाळाकडे बघतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि पुढच्या चाकावरचे वजन हलके झाल्याने हँडल सैलसर वाटते.

माप असे घ्यावे. दोघांनी गाडी मागून उचलून धरावी, म्हणजे चाक मोकळे लोंबेल. मागच्या चाकाच्या आसाच्या नटापासून थेट वर, सीटच्या कडेवर खडूने केलेल्या खुणेपर्यंत टेपने अंतर मोजावे. नंतर ज्या वजनाने प्रवास करायचा त्या सगळ्या वजनासकट दोघांनी गाडीवर बसावे आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. हा फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा असा सर्वसाधारण नियम आहे. डॉमिनारच्या मागच्या चाकाची हालचाल ११० मिलिमीटर धरली तर साधारण २८ ते ३७ मिलिमीटर. जास्त बसत असेल तर कडी एकेक खाच वर घ्यावी. प्रवासाहून आल्यावर, ऑफिसला एकट्याने जायचे असेल तेव्हा, ती परत खाली. याचा पैसा लागत नाही, दहा मिनिटे लागतात.

एक गैरसमज मात्र गॅरेजमध्येसुद्धा ऐकू येतो, की कडी आवळली म्हणजे शॉकअप 'कडक' झाला. तसे नाही. स्प्रिंग तीच आहे, तिची ताकद तीच आहे. फक्त गाडी जरा उंचावर उभी राहिली. कडी शेवटच्या खाचेवर नेली तरीही गाडी खूप बसत असेल तर याचा अर्थ स्प्रिंगच दोघांच्या वजनाची नाही. तेव्हा खरा खर्च येतो.

आमच्या ओळखीत मिरजेचे एक जोडपे आहे. दोघे बँकेत. दर हिवाळ्यात कोल्हापूर, आजरा, आंबोली करून सावंतवाडीकडे बहिणीकडे उतरायचे. दोन वर्षांपूर्वी तिची कंबर इतकी धरली की परतीला ती एसटीने आली. घरी त्याच सुमारास मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचे पैसे बाजूला काढून ठेवलेले. तिने भांडण केले नाही. शिलाई यंत्राच्या ड्रॉवरमधून टेप काढली आणि म्हणाली, "अहो, आधी हे माप घेऊ या. तुमचा सायलेन्सर कुठे पळून जात नाही."

माप आले ४८ मिलिमीटर. कडी शेवटपर्यंत आवळल्यावर ४१. म्हणजे तरीही जास्तच. गॅरेजवाल्याला बोलावले, तो म्हातारा माणूस, सरळ बोलणारा. म्हणाला, "वहिनी, शॉकअप काय वाईट नाही बघा. आत स्प्रिंग एका माणसाची आहे, आणि बसताय तुम्ही दोघं नि दोन बॅगा. बिचारा किती वढंल?" मग त्याने शॉकअप रिकंडिशन करणाऱ्याकडे पाठवला, तिथे जास्त ताकदीची स्प्रिंग घातली गेली आणि आतले तेलही नवे भरले. पुढच्या फोर्कचे तेल बदलले, ऑइलसील नवी टाकली. मागच्या मापाचा आकडा ३४ वर आला. पुढच्या हिवाळ्यात ती दोन्ही वेळा मोटारसायकलवरूनच गेली. सायलेन्सर आजतागायत आलेला नाही. तो का आला नाही याचे कारण पुढे कायद्याच्या गोष्टीत येईल.

बाजारात यापेक्षा पुष्कळ महाग शॉकअप मिळतात. स्वीडनची ओलिन्स ही कंपनी १९७६ पासून हेच करते, आणि शर्यतीच्या गाड्यांवर तिच्या सोनेरी नळ्या ओळखू येतात. त्यात दाबले जाताना किती विरोध व्हावा आणि परत उसळताना किती व्हावा, हे दोन्ही वेगवेगळे ठरवायच्या कळा असतात. सुंदर वस्तू आहे यात शंका नाही. पण अशा वस्तूची किंमत चांगल्या फ्रिजच्या घरात जाते, आणि ती घेऊनही स्प्रिंग आपल्या वजनाची निवडली नाही तर पैसे पाण्यात. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्ये एन्ड्युरन्स कंपनीचा मोठा पसारा आहे, आणि बजाजसह कितीतरी गाड्यांचे शॉकअप तिथून येतात. माझे स्पष्ट मत असे, की दोघांच्या साध्या प्रवासाला मूळच्या शॉकअपमध्ये बरोबर वजनाची स्प्रिंग आणि ताजे तेल हे नव्वद टक्के काम आहे. मात्र ज्या शॉकअपमध्ये नायट्रोजन वायू भरलेला असतो तो घरच्या अंगणात पाने घेऊन उघडू नये. आत दाब असतो. दहावी झालेल्या चिरंजीवांना हे विशेष बजावून सांगावे.

मागचे केले आणि पुढचे सोडले, असेही करू नये. मागून गाडी ताठ आणि पुढून मऊ झाली की ब्रेक दाबताच पुढचे टोक डुबकी मारते.

हेल्मेटला हेल्मेट आपटते तेव्हा

ब्रेक दाबला की आपण पुढे सरकतो आणि आपले हेल्मेट त्यांच्या हेल्मेटला ठक्कन लागते. ते म्हणतात, "नीट बस ना गं!" खरे तर त्यात आपला दोष थोडा आणि पुढच्या फोर्कचा जास्त. ब्रेक लागला की गाडीचे सगळे वजन पुढे लोटले जाते, पुढची स्प्रिंग दबते, सीट पुढे कलंडते आणि आपण घसरगुंडीवरून घसरतो. पुढच्या फोर्कमध्ये योग्य ताकदीच्या स्प्रिंगा आणि कंपनीने सांगितलेल्या जातीचे, सांगितलेल्या उंचीपर्यंत भरलेले तेल असले की ही डुबकी पुष्कळ कमी होते. म्हणून शॉकअप आणि ब्रेक यांचा विचार एकत्र करायचा. चांगला ब्रेक आणि ढिला फोर्क ही जोडी जमत नाही.

आता ब्रेक. एक हिशेब प्रत्येकीला पाठ असावा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून पाचेक मीटरमध्ये थांबत असेल, तर ६० ला तिला वीस मीटर हवेत. त्यात संकट दिसल्यापासून हात लिव्हरवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा. ताशी ६० च्या वेगाने एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर गेलेली असते, म्हणजे एका चाळीच्या लांबीइतकी. आणि दोघांच्या वजनाने, सामानाने ब्रेकला जिरवायची ऊर्जा तितकीच वाढते. ती ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. डिस्क तापते, पॅड तापतात, आणि शेवटी ब्रेक ऑइल तापते.

हे ब्रेक ऑइल म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पावसाळ्यात डब्याचे झाकण उघडे राहिले की बिस्किटे जशी सादळतात, तसे हे ऑइलही हवेतला ओलावा ओढून सादळते. गाडी नुसती उभी असली तरी. नव्या डॉट ४ जातीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असावा लागतो. ओलावा शिरल्यावर त्याची जी हद्द धरतात ती १५५ अंश. घाट उतरताना ब्रेकवर बोट ठेवून ठेवून ते तापले आणि उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाही, वाफ दबते. मग लिव्हर दाबली की ती सरळ हँडलला जाऊन टेकते आणि गाडी पळतच राहते. आंबोली, कुंभार्ली किंवा वरंधा घाटाच्या वळणावर हे होऊ नये एवढ्यासाठी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचे. खर्च म्हणाल तर घरच्या माणसांनी एकदा हॉटेलात जेवण्याइतकासुद्धा नाही. बाटली सीलबंद, नवी घ्यावी. गॅरेजच्या फळीवर अर्धी उरलेली आणि झाकण सैल असलेली नको, कारण ती आधीच सादळलेली. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग उडवते, तेव्हा लगेच पाण्याने धुवावे.

दुसरी गोष्ट नळीची. ब्रेक ऑइल वाहून नेणारी मूळची नळी बहुधा रबराची असते. जोरात दाबल्यावर रबर किंचित फुगते, आणि त्या फुगण्यात आपल्या दाबाचा काही भाग वाया जातो. वर्षे गेली की जास्तच फुगते. म्हणून हौशी लोक पोलादी तारांचे विणकाम असलेली नळी बसवतात. बसवल्यावर लिव्हर घट्ट वाटते, आणि किती दाबले की किती थांबते याचा अंदाज बोटाला येतो. माझ्या मते ब्रेकवर करायच्या हौशीतली ही सगळ्यात शहाणपणाची हौस. पण नळी मूळच्याच लांबीची आणि नीट प्रमाणित असावी. हँडल पूर्ण वळवल्यावर ताणली जाऊ नये. आणि पोलादी नको असेल तर निदान रबराची नवी तरी घाला. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची हे आपण डोळ्यांत तेल घालून पाळतो. बऱ्याच मोटारसायकलींच्या पुस्तिकांत ब्रेकच्या नळीला चार वर्षांची मुदत दिलेली असते, ते पान कोणी उघडतच नाही.

पॅडच्या दोन मुख्य जाती. एक मऊ, जी डिस्क कमी झिजवते आणि गावातल्या वापराला पुरते. दुसरी, धातूची पूड उष्णता आणि दाब देऊन भाजून घट्ट केलेली. ती तापल्यावर आणि पावसातही पकड सोडत नाही. घाटाचा, दोघांचा प्रवास असेल तर दुसरी बरी, मात्र डिस्क त्या जातीला चालणारी असावी. पुस्तिकेत किंवा कंपनीच्या दुकानात विचारून घ्यावे. पॅडवर मधोमध खाच असते. बॅटरीच्या उजेडात ती खाच दिसेनाशी झाली की पॅड संपले समजा. 'अजून महिनाभर चालतील' हे वाक्य ऐकून घेऊ नका.

कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, बदलायची फार क्वचित गरज असते. इटलीतल्या बेर्गामोजवळची ब्रेंबो ही १९६१ सालची कंपनी, तिच्या नावाचे लाल किंवा सोनेरी कॅलिपर पाहून मुले वेडी होतात. पण त्याच कंपनीचे लहान-मध्यम गाड्यांसाठीचे 'बायब्रे' नावाचे ब्रेक आपल्या चाकणला तयार होतात आणि डॉमिनारला ते मुळातच लावलेले असतात! घरात असलेली पैठणी कपाटात ठेवून दुसरीसाठी हट्ट धरण्यातला हा प्रकार. ताजे ऑइल, चांगली नळी, योग्य पॅड एवढे केले की तोच ब्रेक नव्यासारखा चालतो. आणि सगळे करून टायर गुळगुळीत असेल तर काय उपयोग? गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाच्या तळहाताएवढ्या जागेत. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. दोघे बसणार असाल तर हवा किती, हे चेनच्या झाकणाजवळच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत वेगळे दिलेले असते. ते बघून भरावी.

चाक जाम होऊ न देणारी एबीएसची यंत्रणा बीएमडब्ल्यूने १९८८ साली मोटारसायकलवर आणली. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची आहे. जुनी गाडी वापरात असेल तर तिच्यात ती नसू शकते. आणि असली तरी खडीवर किंवा चिखलावर ती चमत्कार करीत नाही.

जे काढू नये, आणि जे लावू नये

आता कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा तपशील उत्पादकाच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. पॅड, ऑइल, त्याच मापाची नळी ही झिजणाऱ्या वस्तूंची दुरुस्ती झाली. चासी कापणे, इंजिन बदलणे, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर हे मात्र अडचणीत आणणारे. मिरजेच्या त्या गृहस्थांना विमा कंपनीच्या माणसानेच समजावले, की असे बदल न कळवता केले आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो. शॉकअप किंवा ब्रेकचे मोठे भाग वेगळ्या बनावटीचे घालायचे असतील तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पहिल्यांदा काय उतरवले जाते? साडीगार्ड आणि मागची धरायची दांडी! म्हणजे गाडीवर आपल्यासाठी म्हणून ज्या दोनच वस्तू असतात, नेमक्या त्याच. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला कायमची मूठ, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. साडीचा पदर किंवा ओढणी चेनमध्ये गेली की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. ती ओढणी गळ्याला असते. शोरूममध्ये गाडी घेतानाच या वस्तू बसवून घ्याव्यात, आणि घरी आल्यावर 'दिसायला बरं नाही' म्हणून कोणी पाना काढला तर तो पाना काढून घ्यावा. साडीगार्डच्या वर सामानाच्या पेट्या लावायच्या असतील तर त्या गार्डला न हलवता बसतील अशा घ्याव्यात.

मूल बरोबर असेल तर नियम आणखी कडक आहे. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि डोक्याला हेल्मेट हवे, आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या वर नको. चार वर्षांच्या पुढे सगळ्यांनाच हेल्मेट.

गॅरेजमधून गाडी परत येते तेव्हाची एक खबरदारी सांगते. पॅड बदलताना मेकॅनिक आतला दट्ट्या मागे ढकलतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही, लिव्हर नुसती आत जाते. म्हणून गाडी हलवण्याआधी, उभ्या गाडीवरच, पुढची लिव्हर आणि मागचे पेडल चार-पाच वेळा दाबून ती घट्ट लागतात ना, हे पाहायला सांगावे, आणि ते झाल्याशिवाय मागे बसू नये. नवे पॅड डिस्कवर बसायला काही दिवस लागतात, तोवर रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू थांबण्याची थोडी सवय त्यांना करू द्यावी, घाट त्यानंतर. चेनला तेलाचा फवारा मारताना मागच्या डिस्कवर जुने फडके धरावे. चुकून उडालेच तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून काढावी. पॅडला मात्र तेल लागले तर ते पुसून जात नाही, नवेच घालावे लागतात.